डे-केअर सर्जरी सेंटरमध्ये ओटी (ऑपरेशन थिएटर) असिस्टंट: संध्याकाळी पेशंट घरी जातो म्हणजे काम हलके असते का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बारावी सायन्सनंतर तुम्ही ओटी असिस्टंटचा कोर्स पूर्ण केला आहे आणि कणकवलीतल्या एका डे-केअर सर्जरी सेंटरने तुम्हाला बोलावले आहे. घरच्यांच्या मते गाव जवळ, रात्रपाळी नाही आणि पेशंट संध्याकाळी घरी जातात, म्हणजे काम हलके आहे. मैत्रीण सांगते की मुंबईला किंवा कोल्हापूरला मोठ्या रुग्णालयात गेल्याशिवाय काही शिकायला मिळत नाही. शिवाय इंजेक्शने आणि सलाईन तुमच्याच गळ्यात पडतील की काय, अशी तुम्हाला धास्ती आहे. मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या अशा सेंटरांमध्ये आधी असिस्टंट म्हणून काम केले आणि आता नव्या मुलामुलींना शिकवण्याचे काम माझ्याकडे असते, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

काम हलके की जड, यापेक्षा ते दिवसाच्या कोणत्या वेळी येते हे आधी पाहायला हवे. मोठ्या रुग्णालयात हर्नियाचा पेशंट आदल्या संध्याकाळी दाखल होतो, रात्री सिस्टर त्याला उपाशी ठेवतात, ऑपरेशननंतरची रात्र तो वॉर्डात काढतो, आणि लघवी अडली किंवा ड्रेसिंग भिजले तर कोणीतरी जागे असते. डे-केअरमध्ये या दोन्ही रात्री पेशंट स्वतःच्या घरी असतो. त्या रात्रींचे काम नाहीसे होत नाही. ते आदल्या दिवशीच्या फोनवर आणि घरी सोडतानाच्या अर्ध्या तासावर येऊन पडते, आणि ही दोन्ही कामे बहुतेक ठिकाणी असिस्टंटच्या वाट्याला येतात. ओटीतले काम कोर्समध्ये तुम्ही शिकलाच आहात, या दोन टोकांचे काम मात्र कोणी शिकवत नाही.

काही गोष्टी सेंटरवर अवलंबून आहेत हेही आधीच सांगते. केवळ मोतीबिंदू करणाऱ्या सेंटरमधला दिवस आणि हर्निया, हायड्रोसील, मूळव्याध, गाठी, गर्भपिशवीचे क्युरेटिंग (पिशवी आतून साफ करणे) असे सगळे करणाऱ्या सेंटरमधला दिवस यांत फार फरक असतो. डोळ्याला थेंबांची भूल पुरते, पेशंट चालत येतो आणि चालत जातो. दुसरीकडे पाठीतली भूल असते, कधी पूर्ण भूल असते आणि भुलेचे नेहमीचे सगळे धोके असतात. तुम्हाला बोलावलेले सेंटर यांपैकी कोणते आहे हे तुमच्या प्रश्नात आलेले नाही. मी दुसऱ्या प्रकारचे गृहीत धरून लिहिते.

आदल्या दिवशीच्या फोनपासून सुरुवात करू. भूल देण्यापूर्वी घन पदार्थ सहा तास, तेलकट जेवण आठ तास आणि स्वच्छ पाणी दोन तास आधी बंद, हा सर्वसाधारण नियम तुम्ही पाठ केला असेल. तुमचे भूलतज्ज्ञ यापेक्षा कडक वेळ सांगत असतील तर त्यांचीच वेळ पाळायची. अडचण नियमात नसते, तो पेशंटच्या कानापर्यंत कसा पोहोचतो यात असते. "उपाशी या" असे सांगितलेला मालवणकडचा आजोबा सकाळी अगदी प्रामाणिकपणे सांगतो, "कायएक खावक नाय, निसती चाय नि बटर घेतलंय." त्याच्या लेखी चहा-बटर हे खाणे नव्हेच. पेज तर आमच्याकडे पाण्यातच जमा धरतात, पण तिच्यात भाताची शिते असतात आणि ती पोटात जेवणासारखीच राहते. सोलकढीत नारळाचे दूध असते, दुधाचा चहाही पोटातून पाण्यासारखा निघून जात नाही. म्हणून मी नव्या मुलींना सांगते की "काही खाऊ नका" हे वाक्य वापरूच नका. चहा नको, पेज नको, बटर-खारी नको, सोलकढी नको, विडा-तंबाखू नको, अशी एकेका पदार्थाचे नाव घेऊन यादी सांगा, आणि साधे पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते घड्याळातल्या वेळेसह सांगा. "दोन तास आधीपर्यंत" असे म्हटले की पेशंट सेंटरला पोहोचण्याच्या वेळेपासून मागे मोजतो की ऑपरेशनच्या वेळेपासून, हे तुम्हाला कळत नाही.

त्याच फोनवर गोळ्यांचे विचारायचे. "काही औषधे चालू आहेत का?" याला उत्तर बहुधा "नाही" असेच येते, कारण रोजची बीपीची गोळी हे औषध आहे असे कोणाला वाटत नाही. त्यामुळे बीपीची, साखरेची, थायरॉईडची, दम्याचा पंप, हृदयाची आणि रक्त पातळ करणारी गोळी, वैद्यांचा काढा, असे एकेक नाव घेऊन विचारावे आणि गोळ्यांची पाकिटेच पिशवीत घालून आणायला सांगावे. कोणती गोळी घ्यायची आणि कोणती थांबवायची हे तुम्ही सांगायचे नाही. तुमचे काम ती माहिती आदल्या दिवशी दुपारपर्यंत डॉक्टरांच्या टेबलावर पोहोचवण्याचे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याचे सकाळी टेबलावर झोपल्यावर कळले तर ऑपरेशन पुढे ढकलावे लागते, आणि पेशंटने देवगडहून गाडी करून येण्याचा खर्च केलेला असतो.

तिसरा प्रश्न सोबतीचा. बरोबर कोण येणार, तो रात्री घरी राहणार का, आणि परत कसे जाणार? वाडीतला शेजारी सकाळी सोडून कामावर निघून जाणार असेल तर ती सोबत नव्हे. भूल घेतलेल्या पेशंटला चोवीस तास गाडी चालवायची नसते आणि एकटे राहायचे नसते. घरात सगळे म्हातारे आणि मुलगा मुंबईला, ही परिस्थिती कोकणात इतकी नेहमीची आहे की तिच्यासाठी काही वेळा ऑपरेशनची तारीखच बदलावी लागते. गणपतीला किंवा मे महिन्यात चाकरमानी घरी असतात तेव्हा करू, असे पेशंट सांगतात, आणि त्यात गैर काही नाही. पण गणपतीत डॉक्टरही सुटीवर असतात, हे तारीख देण्यापूर्वी लक्षात ठेवावे. एकूण वर्षाचे चक्रच वेगळे आहे: दिवाळीनंतर यादी भरायला लागते, आंबे उतरण्याच्या दिवसांत बागायतदार मिळत नाहीत आणि भातलावणीच्या दिवसांत तर कोणीच नाही.

ऑपरेशनच्या सकाळी पहिले काम ओळख पटवण्याचे. आमच्या भागात एकाच यादीत दोन सावंत किंवा दोन परब असणे ही काही नवलाची गोष्ट नाही, आणि दोघेही एकाच गावचे असू शकतात. "तुम्ही सावंत ना?" असे विचारले तर ऐकू कमी येणारा माणूस "हो" म्हणतो, घाबरलेलाही "हो" म्हणतो. म्हणून नाव आपण सांगायचे नाही, त्याच्याकडून वदवून घ्यायचे: पूर्ण नाव सांगा, वय सांगा, वाडी कोणती, कोणत्या बाजूचे ऑपरेशन आहे ते हात लावून दाखवा. मग ते केसपेपरशी, संमतीपत्राशी आणि त्वचेवर डॉक्टरांनी केलेल्या खुणेशी जुळते का ते पाहायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रिया सुरक्षेची जी यादी आणली, तिच्यातले तीन थांबे, म्हणजे भूल देण्यापूर्वी, चीर देण्यापूर्वी आणि पेशंट ओटीबाहेर नेण्यापूर्वी, याच कामासाठी आहेत. छोट्या सेंटरात सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून हे थांबे उरकण्याकडे कल असतो. पहिल्या आठवड्यातच पाहा की ती यादी मोठ्याने वाचली जाते, की दुपारी सगळ्या कागदांवर एकदम टिका मारल्या जातात. सेंटर कसे आहे हे तेवढ्यावरूनही कळते.

दागिन्यांचा प्रश्नही सकाळीच येतो. कॉटरी, म्हणजे विजेच्या उष्णतेने रक्त थांबवणारे यंत्र, वापरायची असेल तर अंगावर धातू नको, पण मंगळसूत्र काढा म्हटले की काही बायका रडवेल्या होतात आणि सासू दारात उभी असते. हळदीत बुडवलेला सुती दोरा गळ्यात बांधून मंगळसूत्र सोबतच्या माणसाच्या हातात द्यायचे, त्याची सही घ्यायची, ही तोड आमच्याकडे चालते. बांगड्या निघत नसतील तर साबणाच्या पाण्याने निघतात. बोटाचे नेलपॉलिश काढायचे, कारण ऑक्सिजन मोजणारा चिमटा त्याच बोटाला लागणार असतो. कवळी काढून नाव लिहिलेल्या डबीत ठेवायची. ती हरवली तर ऑपरेशन कितीही उत्तम झाले तरी घरचे ते विसरत नाहीत.

ओटीच्या आतल्या कामाविषयी फार लिहीत नाही, फक्त दोन गोष्टी. गॉज आणि सुया सुरू करण्यापूर्वी, टाके घालण्यापूर्वी आणि शेवटी मोठ्याने मोजायच्या, "छोटीशी तर गाठ आहे" असे कोणी म्हटले तरी. आणि काढलेली गाठ तपासणीला जाणार असेल तर फॉर्मेलिन, म्हणजे तो तुकडा टिकवणारे द्रावण, तुकड्याच्या सुमारे दहापट हवे, आणि नावाची चिठ्ठी बरणीच्या अंगावर लावायची, झाकणावर नाही, झाकणे बदलतात.

ऑटोक्लेव्हवर, म्हणजे वाफेच्या दाबाने हत्यारे-कापड निर्जंतुक करणाऱ्या यंत्रावर, मात्र थांबावे लागेल, कारण इथल्या हवेत ते वेगळेच प्रकरण आहे. १२१ अंश आणि १५ पौंड दाब हे आकडे सगळ्यांना येतात. पण वाफेचे चक्र चालू असताना वीज गेली तर उरलेला वेळ पुढे मोजायचा नसतो, चक्र पहिल्यापासून लावायचे असते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे किती वेळा होऊ शकते ते तुम्हाला ठाऊक आहे. ड्रम, म्हणजे कापड भरलेला डबा, बाहेर काढल्यावर आतले कापड दमट लागले तर त्यावर चिकटवलेल्या खुणेच्या टेपवरचे पट्टे काळे झालेले असले तरी तो ड्रम निर्जंतुक धरायचा नाही, कारण ओल्या कापडातून जंतू आत शिरतात. पट्टे काळे होणे याचा अर्थ टेपला उष्णता लागली, एवढाच. त्यामुळे पावसाळ्यात सुकवण्याचा वेळ वाढवावा लागतो, आणि ड्रम भरताना कापड दाबून कोंबायचे नाही. हत्यारांना गंज चढणे हा किनाऱ्यावरचा कायमचा त्रास. बोअरच्या पाण्यातले क्षार बिजागरीत बसतात, म्हणून शेवटचे खळबळणे डिस्टिल्ड पाण्यात हवे, पुसून कोरडे करणे हवे, आणि हायपोक्लोराइटमध्ये (जंतुनाशक ब्लीचमध्ये) स्टीलची हत्यारे रात्रभर बुडवून ठेवण्याची खोड कोणाला असेल तर ती मोडायला हवी. आर्टरी फोर्सेपची (रक्तवाहिनी पकडायच्या चिमट्याची) बिजागरी उघडून उजेडात धरा. तांबूस रेघ दिसली तर ती बाजूला ठेवा.

आता घरी सोडण्याविषयी. ऑपरेशन दुपारी बाराला आटोपले, पेशंट बोलतो आहे, नातेवाईक शेवटची एसटी चुकेल म्हणून दारात येरझाऱ्या घालत आहेत, आणि डॉक्टर पुढच्या केसमध्ये आहेत, असा प्रसंग रोजचा आहे. घरी सोडण्याचा निर्णय डॉक्टरांचा किंवा भूलतज्ज्ञांचा, पण तो निर्णय ज्यावर उभा राहतो ती निरीक्षणे तुमची. रक्तदाब आणि नाडी, चालणे, मळमळ, दुखणे, रक्तस्राव या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देऊन दहापैकी नऊ आले तर घरी, अशी पद्धत अनेक ठिकाणी वापरतात, आणि ती चांगली आहे, कारण घाईत असलेल्या नातेवाइकाला कागदावरचा आकडा दाखवता येतो. पाठीतली भूल असेल तर पायात पूर्ण जोर आला का, जाणीव परतली का आणि लघवी झाली का हे वेगळे पाहायचे. प्रोस्टेट वाढलेल्या वयस्कर पुरुषांची हर्नियानंतर लघवी अडते. "घरी जाऊन होईल" हे उत्तर तिथे स्वीकारायचे नाही, डॉक्टरांना सांगायचे. तळकोकणातल्या आडगावात रात्री अकराला मूत्राशय फुगलेल्या माणसाला कॅथेटर कोण घालणार?

सूचना देताना पुन्हा आदल्या दिवशीच्या फोनचीच युक्ती. "जड उचलू नका" याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा. नारळाची पोती वाहणाऱ्याला भरलेली कळशी जड वाटत नाही. म्हणून कळशी नको, आंब्याची पेटी नको, गॅसचा सिलिंडर नको, झाडावर चढणे नको, असे सांगायचे, आणि कधीपर्यंत नको ते डॉक्टरांना विचारून डिस्चार्ज कार्डावर तारीख घालून लिहायचे. मोतीबिंदूच्या आजीला चुलीच्या धुरापासून दूर राहायला सांगा आणि डोक्यावरून पाणी घ्यायचे नाही हे सुनेलाही सांगा, कारण आंघोळीचे पाणी तीच काढते. धोक्याच्या खुणा थोड्याच सांगा पण परत म्हणून घ्या: ड्रेसिंग रक्ताने भिजत राहणे, थांबत नसलेल्या उलट्या, ताप, लघवी न होणे; आणि डोळ्याच्या पेशंटला, दुखणे वाढले किंवा दिसणे कमी झाले तर त्याच दिवशी परत, उद्यावर ढकलायचे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करायचा असतो. अनेक वाड्यांत रेंज नसते, "नाक्यावर येऊन फोन करतो" म्हणणारी माणसे असतात, म्हणून आधीच दोन नंबर घ्या, त्यातला एक दुकानदाराचा किंवा शेजाऱ्याचा असला तरी चालेल. पाठीतली भूल दिलेल्यांना मी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही फोन करायला लावते, कारण उठून बसले की डोके फुटते आणि आडवे झाले की थांबते अशी डोकेदुखी तेव्हा सुरू होते, आणि लोक ती पित्ताची समजून घरीच काढतात.

इंजेक्शनांचे तुम्ही विचारले होते. शिरेतून औषध देणे हे नोंदणीकृत नर्सचे किंवा डॉक्टरांचे काम. एएनएम आणि जीएनएम हे नर्सिंगचे कोर्स झालेल्यांची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते, तुमच्या कोर्सने तो अधिकार मिळत नाही. तुम्ही औषध भरून देऊ शकता, ॲम्प्यूलवरचे नाव मोठ्याने वाचून दाखवू शकता, सलाईन संपत आल्याचे सांगू शकता. लहान सेंटरांत "जरा एवढे सोड" असे सहज म्हटले जाते, त्यात कोणाचा वाईट हेतूही नसतो. तरीही "मला ते येत नाही, सिस्टरना बोलावते" हे वाक्य पहिल्याच दिवशी म्हणून टाकावे. पहिल्या दिवशी म्हटले तर ते नम्रपणा ठरते, सहा महिन्यांनी म्हटले तर आडमुठेपणा. गुंगीतल्या पेशंटजवळ तुम्हाला एकटीला ठेवून सगळे जेवायला जात असतील, तर ते सेंटर सोडण्यास पुरेसे कारण आहे.

आता कणकवली की कोल्हापूर. डे-केअरला पेशंट निवडून घेतलेले असतात: बऱ्यापैकी निरोगी, ऑपरेशन लहान, रक्त फारसे जाणार नाही असे. म्हणून तिथे वर्षभर काम करूनही बिघडत चाललेला पेशंट कसा दिसतो हे तुम्हाला पाहायला मिळणार नाही, आणि मग एखाद्या दुपारी प्रतिजैविकाची रिॲक्शन आली, अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दाब पडला, की ते पहिल्या मिनिटात ओळखणारी नजर तुमच्याकडे नसेल. तिथून मोठे रुग्णालय लांब आहे. गंभीर पेशंट सिंधुदुर्गातून गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात किंवा घाट चढून कोल्हापूरला न्यावा लागतो, आणि पावसाळ्यात घाटात दरड आली तर तो पर्यायही डळमळतो. या कारणाने, घरची परिस्थिती परवानगी देत असेल तर वर्ष-दीड वर्ष मोठ्या रुग्णालयाच्या ओटीत आणि रिकव्हरीत (ऑपरेशननंतर पेशंट शुद्धीवर येईपर्यंत ठेवतात त्या खोलीत) काम करून मग इकडे यावे, असे माझे मत आहे. मैत्रिणीचे "काही शिकायला मिळत नाही" हे मात्र मला पटत नाही. मोठ्या ठिकाणी तुम्ही कदाचित सहा महिने नुसती ट्रॉली लावाल; इथे फोनपासून ऑटोक्लेव्हपर्यंत सगळे हाताखालून जाते.

घर सोडणे शक्य नसेल तर कणकवलीचे काम घ्या, पण होकार देण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. शेवटचा पेशंट घरी जाईपर्यंत भूलतज्ज्ञ थांबतात का? रिकव्हरीत नोंदणीकृत सिस्टर असते का? ॲड्रिनॅलिन (अशा रिॲक्शनवरचे तातडीचे इंजेक्शन), सक्शन (घशातला स्राव ओढून घेणारे यंत्र) आणि भरलेला राखीव ऑक्सिजन सिलिंडर रोज कोण तपासतो आणि त्याची वही कुठे आहे? पेशंट हलवायची वेळ आली तर कोणत्या रुग्णालयाशी ठरलेले आहे? पहिल्या दोन प्रश्नांना "तसे गरजेप्रमाणे पाहतो" असे उत्तर आले तर मी जाणार नाही.

एक काम आजच सुरू करा. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर पहिला डोस घ्या. पुढचे डोस एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी असतात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना ही लस आणि धनुर्वाताची लस देणे संस्थेचे कर्तव्य आहे, तेव्हा रुजू होताना ती मागायला संकोच करू नका. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करून तो कागद जपून ठेवा. सुई टोचली तर जागा दाबून रक्त काढत बसू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच, त्याच तासात, डॉक्टरांना सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. ती तुमच्या तालुक्यात कुठे मिळतात, हे सेंटरमध्ये पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.